डोकी मोजण्याआधी हवा मोजा

प्रति,
मा. जिल्हाधिकारी (अध्यक्ष, जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरण) आणि मा. जिल्हा आरोग्य अधिकारी,
विदर्भातील अकराही जिल्हे

विषय: पुढच्या साथीत मास्क आणि उपस्थितीची मर्यादा ठरवताना खोलीतली हवा हा आधार घेण्याबाबत

महोदय/महोदया,

सप्रेम नमस्कार.

साथ आली की 1897 चा साथरोग कायदा आणि 2005 चा आपत्ती व्यवस्थापन कायदा यांच्या आधारे गावाचे दार उघडायचे की लावायचे, हे आपल्या सहीने ठरते. कोरोनात त्या सहीखाली बरेच आकडे आले. लग्नाला आधी 50 माणसे, अंत्यविधीला 20, पुढे एप्रिल 2021 मध्ये लग्नाला 25 आणि तेही दोन तासांत. मुंबईतला हॉल असो की चिमूर तालुक्यातले समाजमंदिर, आकडा एकच. ती 25 माणसे कशा जागेत बसणार आहेत, हे मात्र त्यांतल्या एकाही आदेशात विचारलेले नव्हते. पुढचा आदेश साथीच्या धावपळीत रात्री नऊला लिहिण्यापेक्षा त्याचा मसुदा आत्ताच तयार असावा, आणि त्यात हा प्रश्न सर्वात आधी असावा, एवढ्यासाठी हे पत्र.

श्वासातून पसरणारा आजार हवेत कसा फिरतो, ते बिडीच्या धुरावरून समजते. बंद खोलीत एकाने बिडी ओढली की दुसऱ्या टोकाच्या माणसालाही वास येतो, मध्ये सहा फूट अंतर असो की सोळा. अंगणात ओढली तर दोन पावलांवर वास विरतो. विषाणूचे बारीक तुषार असेच वागतात. 2020 चे बहुतेक वर्ष आपण सगळ्यांनी हात धुण्यात आणि गल्लोगल्ली फवारणी करण्यात घालवले. मोठे थेंब दोन मीटरच्या आत खाली पडतात, पण बारीक तुषार दहा मीटरपर्यंत जाऊ शकतात, म्हणून खिडक्या उघडा, एक्झॉस्ट पंखे लावा, हे केंद्राच्या प्रधान वैज्ञानिक सल्लागार कार्यालयाने मे 2021 मध्ये स्पष्ट सांगितले. तोवर फेब्रुवारीत अमरावती-अचलपूरकडून सुरू झालेल्या लाटेने एप्रिलमध्ये अख्ख्या विदर्भात कहर केला होता.

आणि तरीही 27 नोव्हेंबर 2021 च्या राज्याच्या आदेशात बंदिस्त जागेला क्षमतेच्या 50 टक्के आणि उघड्या आकाशाखालच्या जागेला 25 टक्के अशी मर्यादा आली. मैदानाची क्षमता मोठी असते म्हणून टक्का कमी ठेवला असेल, हे आम्ही समजू शकतो. पण गावात त्याचा अर्थ उलटा लागला, की आत बसणे जास्त सुरक्षित. असा संदेश एकदा गेला की दवंडी देऊनही परत घेता येत नाही.

मर्यादा कशी काढावी, ते आता आकड्यात सांगतो. जागतिक आरोग्य संघटनेने 2021 मध्ये दवाखान्याबाहेरच्या बंद जागांसाठी माणशी सेकंदाला 10 लिटर ताजी हवा हे किमान प्रमाण दिले. तासाला ते 36 घनमीटर होते. एक्झॉस्ट पंख्याच्या खोक्यावर तासाला किती घनमीटर हवा फेकतो ते लिहिलेले असते, त्याला 36 ने भागायचे. आकडा सीएफएममध्ये, म्हणजे मिनिटाला घनफुटात असेल तर 21 ने. समजा 40 बाय 25 फुटांच्या समाजमंदिरात 900 सीएफएमचे दोन पंखे आहेत. 1,800 भागिले 21, म्हणजे 85 माणसे. पण खोक्यावरचा आकडा नव्या पंख्याचा, कारखान्यातला. जाळीवर कापसाचे तंतू आणि धूळ बसते, व्होल्टेज पडते, बाहेरून वारा उलटा लागतो. म्हणून निम्मे धरा: 42. त्या सभागृहाची कागदावरची क्षमता 200 असेल तर 50 टक्क्यांच्या नियमाने तिथे 100 माणसे बसली असती. पंखे नसतील आणि खिडक्या बंद असतील तर त्याच जागेत 20 माणसेही जास्त आहेत.

हा हिशेब ग्रामसेवक आणि एक इलेक्ट्रिशियन मिळून एका सकाळी करू शकतात. चूक होते ती पंख्याच्या जागेत. एक्झॉस्ट दाराच्या शेजारीच बसवला तर तो दारातून आलेली हवाच लगेच बाहेर फेकतो आणि मागच्या रांगांतली हवा तशीच कोंडून राहते. पंखा एका भिंतीला आणि उघडी खिडकी समोरच्या भिंतीला हवी. तपासायला उदबत्ती पुरे. पंखे चालू करून उदबत्ती खिडकीच्या चौकटीपाशी धरा. धूर सरळ आत ओढला गेला तर काम होते आहे. जागच्या जागी घुटमळला किंवा बाहेर आला तर पंखा उलटा जोडला आहे, नाहीतर जाळी चोंदली आहे. छताचा पंखा यात मोजू नये. तो आतलीच हवा फिरवतो. सरकत्या काचेची खिडकी कितीही ढकलली तरी निम्मीच उघडते, तेव्हा तिचे माप निम्मे लिहावे. शाळांत माकडांच्या भीतीने खिळे ठोकून बंद केलेल्या खिडक्या आणि पोषण आहाराच्या पोत्यांमागे दडलेल्या खिडक्या नकाशावर असतात, हवेसाठी नसतात. आणि लाईन गेली की पंख्यावर काढलेली क्षमता शून्यावर येते. जनरेटर नसेल तर लाईन जाताच सगळी दारे उघडून कार्यक्रम अंगणात न्यायचा, हे परवानगीच्या कागदावरच लिहिलेले असावे.

विदर्भाचे म्हणून एक वेगळे सांगायला हवे. एप्रिल-मे म्हणजे लग्नसराई, आणि पारा 45 च्या आसपास. "खिडक्या उघड्या ठेवा" हा पुण्याला लिहिलेला सल्ला इथे दुपारी कोणीच पाळणार नाही, लू आत येते. पण आपल्याकडे घरोघरी जे यंत्र आहे, तेच इथे कामाचे आहे. पत्र्याचा मोठा कूलर खिडकीबाहेर बसवला की तो प्रत्येक क्षणी बाहेरची हवा वाळ्याच्या ताट्यांतून ओढून आत ढकलतो. तासाला 3,000 घनमीटरचा कूलर 36 ने भागून 83 माणसांना, निम्मे धरून 41 माणसांना पुरतो. अट एकच: समोरची खिडकी किंवा दार उघडे हवे. सगळे बंद ठेवले की आत दाब चढतो, कूलरचा झोत मंदावतो, खोली चिकचिकते, आणि लोक म्हणतात कूलर काम करत नाही. तोच कूलर खोलीच्या आत ठेवला तर आतलीच हवा ओली करून परत देतो, त्याची क्षमता शून्य धरावी. आदेशात "खिडकीबाहेर बसवलेला कूलर" असे नेमके शब्द हवेत. टाकीचे पाणी आठवड्यातून एकदा पूर्ण काढून कोरडी घासायची, नाहीतर डेंग्यूचे डास आपणच पाळू.

पंखा नाही, कूलर नाही, नुसत्या खिडक्या आहेत, अशा जागेचे काय? तिथे कार्बन डायऑक्साइडचा मीटर लागतो. प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्राला एक दिला तरी पुरे. घेताना एनडीआयआर, म्हणजे अवरक्त किरणांनी थेट हाच वायू मोजणाऱ्या सेन्सरचाच घ्यावा, स्वस्तातले काही मीटर दुसरेच वायू मोजून अंदाजाने आकडा दाखवतात. आधी दहा मिनिटे उघड्यावर ठेवा, 420 पीपीएमच्या (हवेच्या दहा लाख भागांत 420) आसपास दाखवायला हवा. मग माणसे बसून अर्धा-पाऊण तास झाल्यावर, खिडकीपासून आणि कोणाच्याही तोंडापासून दूर, छातीच्या उंचीवर धरा. 1,000 च्या आत असेल तर ठीक. 1,200 दाखवला तर त्या खोलीतल्या हवेचा साधारण पन्नासावा भाग कोणाच्या तरी छातीतून आधीच जाऊन आलेला आहे. अंगणवाडीत खिचडी त्याच खोलीत शिजत असेल तर चूल किंवा गॅस बंद असताना मोजा, ज्वाळेचा कार्बन डायऑक्साइडही त्यात येतो आणि आकडा फसवतो.

या मापाने गावे तपासली तर सर्वात वाईट जागा लग्नाचे सभागृह निघेलच असे नाही. आमच्या मते पहिली तपासणी बँकेच्या शाखांची व्हावी. निराधार योजनेचे पैसे जमा झाले की साठी-सत्तरीचे लोक तिथे तासन्तास बसतात. खोली बंद, भिंतीवर स्प्लिट एसी. स्प्लिट एसी बाहेरची हवा आत घेतच नाही, तीच थंड करून फिरवतो. ज्यांना आजार सर्वात जड जातो तीच माणसे सर्वात कोंडलेल्या हवेत, सर्वात जास्त वेळ. काउंटरमागे एक एक्झॉस्ट, समोरचे दार उघडे आणि रांग बाहेर मांडवात, टोकन देऊन: एवढ्याने फरक पडतो, विजेचे बिल थोडे वाढेल. रेशन दुकानाची रांग तशीही बाहेरच असते. आठवडी बाजारात दुकानांमध्ये थोडी जागा सोडली की पुरे, तो बंद करू नये. बंद केला की तोच माल दाटीच्या गल्लीत, घराच्या ओसरीवर विकला जातो.

लग्नात धोका जेवणाच्या पंगतीचा, कारण तिथे मास्क उतरतोच. पंगत मांडवात द्यावी, पण मांडवाच्या चारही बाजूंना कनाती लावल्या की ती खोलीच झाली. तीन बाजू उघड्या असतील तरच "मोकळी जागा" म्हणावी, हेही आदेशात लिहा. तेरवीलाही हाच नियम. भजन-कीर्तनाबद्दल वेगळे कलम हवे, कारण गाताना तोंडातून तुषार बोलण्यापेक्षा बरेच जास्त निघतात. 10 मार्च 2020 ला अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्यात एका गायकवृंदाचा अडीच तासांचा सराव झाला, 61 जण होते, त्यांतले 53 आजारी पडले आणि दोघे दगावले. खंजिरी भजन आणि सामुदायिक प्रार्थना गावात थांबवायची गरज नाही. ती मंदिराच्या गाभाऱ्यातून पटांगणात आणायची आहे.

आता मास्क. तुरीच्या शेतात, रोजगार हमीच्या कामावर, तेंदूपानाच्या तोडणीला, एकट्याने मोटारसायकलवर जाताना मास्कची सक्ती नको. घामाने ओला मास्क श्वास कोंडतो, लोक तो हनुवटीवर ओढतात, आणि तीच सवय घेऊन पुढे काळी-पिवळीत दहा जणांत दाटून बसतात. सक्ती बंद जागेपुरती ठेवा: एसटी, काळी-पिवळी, बँक, दवाखाना, तहसील, जिनिंगचे बंद शेड. कोरोनात चौकात 500 रुपयांची पावती फाडण्यात गेलेले पोलिसांचे तास पुढच्या वेळी एसटीच्या खिडक्या उघड्या आहेत का हे बघण्यात जावेत.

नोव्हेंबर 2021 च्या आदेशाने रुमालाला मास्क मानायचे नाही असे ठरवले. शास्त्राने ते बरोबर होते. दुपट्टा उजेडासमोर धरला की धाग्यांमधली भोके दिसतात, आणि तो गालाला चिकटत नाही. पण दुपट्टा चालत नाही म्हणताना त्या माणसाच्या हातात दुसरे काही दिले नाही. बांगलादेशात 600 गावांत सुमारे साडेतीन लाख लोकांवर याचा अभ्यास झाला. फुकट मास्क घरपोच दिले, बाजारात आणि मशिदीत लोकांनी आठवण करून दिली, गावच्या पुढाऱ्यांनी स्वतः घातला. वापर 13 टक्क्यांवरून 42 टक्क्यांवर गेला. जिथे सर्जिकल मास्क दिले तिथे साठीपुढच्या लोकांत लक्षणांसह झालेला कोरोना सुमारे 35 टक्क्यांनी घटला. कापडी मास्कचा फायदा तितका स्पष्ट दिसला नाही. बचत गटांच्या बायांनी 2020 मध्ये रात्ररात्र मास्क शिवले, त्या कष्टांची आम्हाला जाण आहे. पुढच्या वेळी त्यांना वाटपाचे आणि शिकवण्याचे काम द्यावे, मोबदल्यासह.

साठीपुढच्यांना एन-95 मास्क द्यायचे तर किती लागतील? 30,000 लोकवस्तीच्या आरोग्य केंद्राच्या हद्दीत दर दहा माणसांत एक साठीपुढचा धरला तर 3,000 जण. प्रत्येकी पाच एन-95, म्हणजे 15,000. पाच अशासाठी की पाच कागदी पाकिटांवर एक ते पाच आकडे घालून रोज एक वापरायचा, त्याची पाळी सहाव्या दिवशी परत येते. प्लास्टिकच्या पिशवीत ठेवू नये, घाम वाळत नाही. धुवायचा मुळीच नाही: मधल्या थरावर विजेचा भार असतो, तोच कण ओढून धरतो, आणि साबणाने किंवा सॅनिटायझरने तो जातो. खरेदीत आयएस 9473, एफएफपी 2 ही खूण बघा, पट्ट्या डोक्यामागे जाणाऱ्या घ्या, आणि झडपेचा मास्क परत करा. झडप आतला श्वास न गाळता बाहेर सोडते. नाकावरची पट्टी दोन्ही हातांच्या बोटांनी दाबायची. चष्म्यावर वाफ आली तर वरून गळतो आहे. साधा तीन पदरी मास्क असेल तर कानाच्या दोऱ्यांना कडेशी एक गाठ मारून बाजूची घडी आत खोचली की गालापाशी बसतो. आशाताईंनी हे एकदा दारात घालून दाखवले की दहा पोस्टरचे काम होते.

निर्बंध कधी लावायचे, यावरही थोडे. जून 2021 च्या पाच स्तरांत पॉझिटिव्हिटी (शंभर तपासण्यांत किती बाधित निघतात) आणि भरलेल्या ऑक्सिजन खाटा हे दोन निकष होते, आणि एकक होते मोठी महापालिका किंवा उरलेला पूर्ण जिल्हा. निकष चांगले होते, एकक फार मोठे. धारणीत साथ शिखरावर असताना वरूडचा बाजार का बंद, याला उत्तर नव्हते. एकक आरोग्य केंद्राची हद्द ठेवा. तिथे तपासण्या कमी होतात, 20 तपासण्यांत 4 निघाले की 20 टक्के, म्हणून नुसत्या टक्केवारीवर जाऊ नका. आशाताईंच्या तापाच्या नोंदी आणि त्या हद्दीतून ऑक्सिजनवर गेलेले रुग्ण सोबत बघा. लावण्याची पातळी आणि उठवण्याची पातळी वेगवेगळी ठेवा, नाहीतर आदेश दर आठवड्याला लागतो आणि उठतो, आणि मग कोणीच मानत नाही.

प्रत्येक आदेशावर तो 14 दिवसांनी आपोआप संपेल ही तारीख हवी. लागू होण्याआधी 48 तास द्या, कारण लग्नघरचा किराणा आणि आचारी तोवर ठरलेला असतो. दवंडी मराठीत, आणि मेळघाटात कोरकूत, गडचिरोलीत गोंडी-माडियात. त्या भाषांतला दोन मिनिटांचा ध्वनिसंदेश आत्ताच तयार करून आरोग्य केंद्रांत ठेवता येईल.

ग्रामपंचायतीच्या विकास आराखड्यात यंदा "समाजमंदिर, शाळा, अंगणवाडी: हवेची क्षमता मोजणे व एक्झॉस्ट बसवणे" एवढी एक ओळ घालण्याचे पत्र आपण काढावे, ही विनंती. क्षयरोगासाठीही तेच पंखे कामाला येतात, तेव्हा साथ आली नाही तरी खर्च वाया जाणार नाही. मोजणी झाली की दारावर रंगाने लिहायचे: हवा क्षमता 42, पंखे चालू असताना.

आपले,
ग्रामीण विदर्भात सार्वजनिक आरोग्याचे काम करणारे काही जण