बाबा, त्या गोंगाटात तुम्ही हवे होता

प्रिय आई-बाबा,

फोनवर बाबांना अर्धंच ऐकू येतं, उरलेलं आई ओरडून सांगत बसते आणि तिचं स्वतःचं बोलायचं राहूनच जातं, म्हणून म्हटलं यावेळी पत्रच लिहू. आई, तू वाचून दाखवू नकोस गं, बाबांना चष्मा लावून वाचू दे, अक्षर मुद्दाम मोठं काढलंय.

परवा पगार झाला आणि ऑफिसातली मैत्रीण मागेच लागली, की चार महिने झाले नागपुरात येऊन आणि अजून सावजी खाल्लं नाही म्हणजे काय. तिचं घर पाचपावलीकडे आहे, तर तिच्या गल्लीजवळच्याच एका सावजी भोजनालयात गेलो. बाहेरून एकदम साधं, बोर्डावरचा रंगही उडालाय, पण आत पाय ठेवायला जागा नाही! कामावरून सुटलेली माणसं, पोराबाळांना घेऊन आलेली कुटुंबं, पार्सलसाठी घरचा डबा घेऊन उभ्या राहिलेल्या बायका, आणि एक पोरगा चार ताटं तोलत सगळ्यांच्या मधून पळतोय. वीस मिनिटं उभं राहिलो तेव्हा कुठे दुसऱ्या एका कुटुंबाच्या टेबलावर दोन खुर्च्या मिळाल्या, आणि त्या काकूंनी ओळख ना पाळख आपल्या ताटातला कांदा माझ्याकडे सरकवला.

मटण आणि ज्वारीची भाकरी घेतली. रस्सा काळपट, वर तेलाचा जाड थर, आपण ज्याला कट म्हणतो त्याला इथे तर्री म्हणतात. बाबा, आपला तांबडा रस्सा पहिल्या घासालाच जिभेवर सांगतो की मी तिखट आहे, हा तसं नाही करत. आधी भाजक्या मसाल्याचा वास येतो, खसखस, दगडफूल, लवंग, मिरी, आणि मग दोन घास गेल्यावर सावकाश घशात ऊब चढत जाते ती रात्री घरी येईपर्यंत राहते. बत्तीस मसाले घालतात असं म्हणतात, पण कुठलं घर काय घालतं ते कुणी सांगत नाही. पूर्वी जवसाच्या तेलात करायचे म्हणे. मी जरा थांबले तर मैत्रीण म्हणाली, "काय पाहून राहिली वं, खाय ना, थंडं होऊन राह्यलं!"

आणि आता जे सांगायचंय ते. ती जेवता जेवता सांगत होती की सावजी हे मूळ हलबा कोष्टी लोकांचं जेवण. म्हणजे विणकरांचं, बाबा! तिचा आजा हातमागावर रेशीमकाठी लुगडी विणायचा, घरातच माग होता. इथे 1877 साली जमशेदजी टाटांची एम्प्रेस मिल सुरू झाली, पुढे मिलचं कापड स्वस्त पडायला लागलं आणि हातमागाचं काम हळूहळू कमी होत गेलं, मग कुणी मिलमध्ये लागलं आणि काही घरांनी घरचंच जेवण रांधून विकायला सुरुवात केली. तिचे वडील मिलमध्ये होते, ती मिल बंद पडल्यावर बरीच वर्षं हाल काढले त्यांनी. एम्प्रेस मिलच्या जागेवर आता मोठा मॉल आहे, मी दोनदा तिथे जाऊन आले आणि मला काहीच माहीत नव्हतं याचं फार वाईट वाटलं.

मी तिला इचलकरंजीचं सगळं सांगितलं. तुमचे चार माग सांभाळणं, रात्रपाळी, धोटा, बीम, आईने मला मांडीवर घेऊन भरलेल्या कांड्या, सगळं. पण तिथे आवाज इतका की निम्मं तिला ऐकूच जाईना, मग मी नकळत दोन बोटं एकमेकांना लावून लांब केली, तुम्ही करायचा तशी, 'धागा तुटला'ची खूण. ती हातातला घास तसाच धरून बघत राहिली. तिच्या वडिलांनाही मिलमधल्या आवाजाने कमी ऐकू येतं आणि घरात तेही हातानेच बोलतात, पाणी दे, लाईट बंद कर, सगळं हाताने. मग काय, पुढचं अर्धं जेवण आम्ही दोघींनी एकमेकींना बापांच्या खुणा दाखवण्यातच घालवलं. वाढणाऱ्या पोराला पण भाकरी हवी तर बोट वर, रस्सा हवा तर वाटी वर, तिथे सगळेच तसं करतात.

बाबा, तुम्ही लग्नाला जायचं बंद केलंत, हॉटेलात जायचं बंद केलंत, कुणी काही विचारलं आणि आपण भलतंच उत्तर दिलं तर काय वाटेल म्हणून. मशीन कानाला लावलं की गर्दीत नुसता खरखराट होतो म्हणून ते पण डबीत पडलंय. मला हे सगळं कळतं, पण तुम्ही घरात बसून राहिलेलं मला बघवत नाही. त्या भोजनालयात कुणालाच कुणाचं ऐकू येत नव्हतं आणि कुणाचं काही अडलं पण नाही. मला सारखं वाटत होतं, त्या समोरच्या खुर्चीत तुम्ही पाहिजे होता.

म्हणून दिवाळीनंतर या दोघं. हातकणंगल्याला महाराष्ट्र एक्स्प्रेसमध्ये बसलात की थेट नागपूर, गाडी बदलायची भानगड नाही, फक्त एक रात्र आणि वर अख्खा दिवस जातो, खालचे दोन बर्थ मी इथून बुक करते. आई, तुझ्या माळेचं मी विसरले नाही, पाटवडीचा रस्सा आणि डाळकांदा हे अस्सल सावजी आणि बिनमटणाचं, आणि एकाच स्वयंपाकघरातलं तुला नको वाटलं तर मैत्रिणीची आई घरी करून घालते म्हणालीय. तिच्या वडिलांना मी बाबांबद्दल सांगितलंय, ते वाट बघतायत.

येताना कांदा-लसूण चटणीची एक बरणी आण, त्यांच्यासाठी. झाकणाखाली प्लास्टिक लाव आणि टॉवेलात गुंडाळून बाबांच्या बॅगेत ठेव, तुझ्या बॅगेत साड्यांना तेल लागेल.

तुमची,
लेक