फॉरमॅट मारू नकोस

रामबाग, इंदूर

चि. मुक्तास अनेक आशीर्वाद.

फोनवर तू घाईत होतीस आणि इकडे दुकानात लग्नपत्रिकांची गिऱ्हाइकं बसली होती, म्हणून आता सविस्तर लिहितो. तुझ्या लॅपटॉपवर माउसचा बाण गायब होतो, म्हणून त्यातलं लिनक्स मिंट (विंडोजऐवजी चालणारी सिस्टिम) पुसून नव्याने टाकायचा विचार तूर्त बाजूला ठेव.

बाण दिसेनासा झाला की लोक आधी माउसला दोष देतात आणि नवा घेऊन येतात. त्याआधी एवढं बघायचं: माउस अंदाजाने खालच्या पट्टीवर न्यायचा. बटणं उजळली तर माउस ठणठणीत आहे, फक्त त्याचं चित्र उमटत नाहीये. काहीच हललं नाही तर टचपॅड बंद करणारी की चुकून दाबली गेली असेल, नाहीतर सेल उतरला असेल. तुझं क्लिक लागतंय म्हणालीस, म्हणजे प्रकार पहिला.

स्क्रीनवरचा बाण बहुधा बाकीच्या चित्रात काढलेला नसतो. ग्राफिक्स चिप त्याच्यासाठी छोटा वेगळा थर ठेवते, बऱ्याच चिपवर जेमतेम ६४ बाय ६४ पिक्सेलचा. त्यामुळे माउस हलला की अख्खा स्क्रीन पुन्हा काढावा लागत नाही. आपल्या पत्रिकेवरचा लाल गणपती वेगळ्या प्लेटने छापतो ना, तसंच. ती प्लेट लागली नाही तर मजकूर नीट येतो आणि गणपती गायब. लॅपटॉप झोपेतून उठला किंवा प्रोजेक्टर जोडून काढला, की कधीकधी ड्रायव्हरकडून, म्हणजे चिप चालवणाऱ्या सॉफ्टवेअरकडून, हा थर पुन्हा लावायचा राहून जातो. तुझं झाकण उघडल्यावरच होतं, म्हणून माझा संशय तिथेच आहे.

पुन्हा झालं की आधी कंट्रोल-एस दाबून काम सेव्ह कर. मग कंट्रोल, ऑल्ट आणि एफ३ एकदम दाब. काही लॅपटॉपवर सोबत एफएनही लागतं. काळा स्क्रीन येऊन लॉगिन मागेल. तिथे काही टाइप करू नकोस, कंट्रोल-ऑल्ट-एफ७ने परत ये. मिंटवर साधारण एफ७ असतं, उबुंटू या दुसऱ्या लिनक्सवर बहुधा एफ२. या जाण्यायेण्यात थर नव्याने मांडले जातात आणि बाण बऱ्याचदा हजर होतो. नाहीच आला तर कंट्रोल-ऑल्ट-एस्केप. त्याने सिनॅमन, म्हणजे मिंटचा डेस्कटॉप, पुन्हा सुरू होतं, उघड्या खिडक्या तशाच राहतात. कशाने परत आला ते मात्र लक्षात ठेव. पहिल्याने आला तर संशय ड्रायव्हरवर, दुसऱ्यानेच आला तर सिनॅमनवर. आणि हो, माउसच्या सेटिंगमध्ये कंट्रोल दाबल्यावर बाणाची जागा दाखवण्याची सोय आहे, ती आजच चालू करून ठेव. अशा वेळी चाचपडावं लागत नाही.

हे अपडेटनंतर सुरू झालं का, तेही आठव. तसं असेल तर सुरू होतानाच्या मेनूत प्रगत पर्यायांत जाऊन मागचं कर्नल (लिनक्सचा गाभा) निवड आणि दोन दिवस वापरून बघ. जुन्या कर्नलवर त्रास नसेल तर लॅपटॉप दुरुस्तीला न्यायची गरजच नाही.

तरीही होतच राहिलं तर चिपचा थर सोडून बाण सॉफ्टवेअरनेच काढायला लावता येतो. त्यासाठी एक्स सर्व्हरला, म्हणजे स्क्रीनवर चित्र काढणाऱ्या प्रोग्रॅमला, चार-पाच ओळींची फाइल द्यावी लागते. ती ईमेलने पाठवतो, इथे देवनागरीत लिहून तुला काय उपयोग! बाण थोडा लुकलुकेल, पण दिसेल. फक्त लॉगिन करताना तू वेलँडचं, म्हणजे एक्सऐवजीच्या नव्या पद्धतीचं, सत्र निवडत नाहीस ना, ते बघ. मिंटमध्ये ते २१.३पासून प्रयोग म्हणून आलं, आणि तिथे ही फाइल चालणार नाही. परीक्षा तोंडावर असताना प्रयोग कशाला?

कोणी सांगेल थीम बदल, कोणी सांगेल आणखी काही. त्याआधी नवीन युजर खातं काढून त्यात बघ. तिथे बाण नीट राहिला तर घोळ तुझ्या सेटिंगमध्ये आहे. कोणाच्या सांगण्यावरून अनक्लटर नावाचा प्रोग्रॅम टाकला असशील तर ते काढ. हात थांबला की बाण लपवायचा, हेच त्याचं काम.

टर्मिनलमध्ये (आज्ञा टाइप करायच्या खिडकीत) इन्क्सी (आय, एन, एक्स, आय), स्पेस, उणे चिन्ह आणि कॅपिटल जी एवढं टाइप करून जे येईल त्याचा फोटो काढून पाठव. चिप कुठली आणि ड्रायव्हर कुठला ते कळलं की फाइल त्याप्रमाणे करून देतो. प्रोजेक्टची कॉपी मात्र आजच पेनड्राइव्हवर घे.

आईने लसणाची शेव बांधून ठेवलीय, वरच्या मजल्यावरच्या काकूंचा मुलगा रविवारी पुण्याला येतोय त्याच्याबरोबर पाठवतो.

तुझा,
बाबा