बाबांचा नंबर समोरच्याला दिसत का नाही

ती. आई-बाबांस,
सा. न.

बाबा, तुमचा फोन आला की इकडे स्क्रीनवर ‘प्रायव्हेट नंबर’ एवढंच उमटतं. दवाखान्यात आणि बँकेत तुमचे फोन उचलत नाहीत ते बहुधा याचमुळे. असले कॉल लोक सरळ कापतात. सिम बिघडलेलं नाही, त्यामुळे नवीन घ्यायला जाऊ नका. आणि दुकानदार ‘रिसेट मारावा लागेल’ म्हणाला तर फोन त्याच्या हातात मुळीच देऊ नका. फोटो जातील, आणि दोष सिमच्या कंपनीकडचा असेल तर तो तसाच राहील.

पहिल्यांदा एवढं बघा: नंबर सगळ्यांनाच दिसत नाही, की एखाद्यालाच? आईच्या फोनवर साधा कॉल लावा. व्हॉट्सॲपवरून नको, तिथे नंबर लपवायचं सेटिंग लागूच होत नाही. आईकडे तुमचं नाव आलं, तर ज्यांना दिसत नाही त्यांचा नंबर तुमच्या फोनमध्ये कसा सेव्ह केलाय ते उघडून पाहा. आकड्यांच्या आधी #३१# असेल तर तेवढंच खोडून पुन्हा सेव्ह करा. हे पुढे लागलं की त्या एका कॉलपुरता आपला नंबर झाकला जातो.

आईकडेही ‘प्रायव्हेट’च आलं तर सेटिंगमध्ये शिरायचं. त्याआधी मोबाइल डेटा चालू करा आणि वायफाय थोडा वेळ बंद ठेवा. बरेच जण इथेच अडकतात. फोर-जीवर आपला फोन हे सेटिंग सिमच्या कंपनीकडून मोबाइल डेटावरूनच मागवतो. डेटा बंद असला की ‘नेटवर्क किंवा सिम कार्ड एरर’सारखं काहीतरी येतं आणि सिमच गेलं असं वाटतं.

तुमच्या सॅमसंगवर हिरवं फोनचं ॲप उघडा. वर उजवीकडच्या तीन टिंबांवर दाबा, मग ‘सेटिंग्ज’, मग ‘सप्लिमेंटरी सर्व्हिसेस’. दोन सिम असल्यामुळे कुठलं ते विचारेल. ज्यावरून कॉल करता तेच निवडा, कारण प्रत्येक सिमचं सेटिंग वेगळं असतं. आत ‘शो युअर कॉलर आयडी’ आहे. तिथे ‘नेव्हर’ किंवा ‘हाइड नंबर’ निवडलेलं असेल तर तोच चोर. ‘नेटवर्क डीफॉल्ट’ करा, फोन बंद करून चालू करा आणि आईला परत कॉल लावा. आईच्या मोटोरोलात हेच ‘कॉलिंग अकाउंट्स’ मध्ये सिमच्या नावाखाली, ‘अ‍ॅडिशनल सेटिंग्ज’ मध्ये ‘कॉलर आयडी’ म्हणून असतं. मामाच्या आयफोनवर फोनच्या सेटिंगमध्ये ‘शो माय कॉलर आयडी’ असतं, ते चालू पाहिजे.

‘नेटवर्क डीफॉल्ट’वरही नंबर लपलेलाच राहिला तर ‘ऑलवेज’ किंवा ‘शो नंबर’ करून बघा. आता दिसायला लागला, म्हणजे तुमच्या फोनचा काही दोष नाही. कंपनीच्या बाजूनेच नंबर झाकलेला आहे. खात्रीसाठी डायल पॅडवर *#३१# टाकून हिरवं बटण दाबा. इंग्रजीत ‘नॉट रिस्ट्रिक्टेड’ आलं तर नंबर दिसतोय, नुसतं ‘रिस्ट्रिक्टेड’ आलं तर झाकलेला. ‘इनव्हॅलिड एमएमआय कोड’ आलं तरी घाबरू नका. काही नेटवर्कवर हे कोड चालत नाहीत, तिथे वरच्या सेटिंगवरच भिस्त.

दोष कंपनीकडचा निघाला तर १९८ वर तक्रार करा. ‘आउटगोइंग कॉलवर माझा नंबर दिसत नाही, सीएलआयआर काढा’ असं याच शब्दांत सांगा. सीएलआयआर म्हणजे नंबर लपवायची सोय. आपल्याकडे ती सामान्य ग्राहकाला सहसा देतच नाहीत, कंपन्यांच्या परवान्यातच तशी अट आहे. तेव्हा ‘सर, फोन रिसेट करा’ म्हणाले तर ऐकू नका, डॉकेट नंबर, म्हणजे तक्रारीचा क्रमांक, मागून कॅलेंडरवर लिहून ठेवा. तोवर गरजेच्या कॉलला नंबराच्या आधी *३१# लावा. तारांकनाने नंबर दिसतो, #३१# ने लपतो. दोन्हींत गल्लत करू नका.

आणखी एक. हे सगळं तुम्हीच करायचं. ‘तुमचा नंबर ब्लॉक होतोय, हा कोड दाबा’ म्हणून कोणाचा फोन आला तर ठेवून द्या. *४०१* किंवा *२१* ने सुरू होणाऱ्या आणि मागे दहा आकडे जोडायला सांगणाऱ्या कोडने तुमचे कॉल, त्यात ओटीपी सांगणारेही, परक्या नंबरवर वळतात. दूरसंचार विभागाने १५ एप्रिल २०२४ पासून कोड दाबून कॉल वळवायची सोय थांबवायला कंपन्यांना सांगितलं होतं, पण सांगणारे अजून सांगतातच. चुकून दाबलं गेलं तर फोनच्या ‘कॉल फॉरवर्डिंग’मध्ये जाऊन सगळं बंद करा, आणि पैसे गेले असतील तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन.

आई, *#३१# टाकल्यावर जे काही येईल त्याचा स्क्रीनशॉट काढून पाठव, बाबांना वाचून दाखवायला लावू नकोस.

तुमची लेक