रेडिएशन मोजणारा मीटर कोण तपासतो?

मा. संपादक,

गोव्यात कुठल्या हॉस्पिटलात नवं सीटी स्कॅन आलं, कॅथलॅब सुरू झाली की तुमच्या पेपरात बातमी येते, फोटो येतो, मशीन किती कोटींचं तेही येतं. चांगलंच आहे, तेवढ्यासाठी लोकांना बेळगाव-मुंबईला धावावं लागत नाही. पण त्या खोलीत रोज काम करणाऱ्या माणसाला किती रेडिएशन लागतंय हे मोजायचं जे उपकरण असतं ते बरोबर मोजतंय का, शेवटचं कधी तपासलं होतं, हे कुणी विचारलेलं माझ्या तरी वाचनात नाही. मी एक्स-रे टेक्निशियन आहे, फोंड्याला राहते, या लाइनमध्येच केस पांढरे झाले, म्हणून लिहायला घेतलं.

आमच्या छातीवर जो प्लास्टिकचा बॅज लावलेला असतो तो टीएलडी बॅज. पेशंटना वाटतं आयडी कार्डच आहे. आत ॲल्युमिनियमच्या पट्टीवर तीन पांढऱ्या चकत्या बसवलेल्या असतात, साधारण १३ मिलिमीटर रुंद आणि एक मिलिमीटरपेक्षाही पातळ, कॅल्शियम सल्फेटमध्ये किंचित डिस्प्रोसियम घालून ते टेफ्लॉनबरोबर दाबून केलेल्या. रेडिएशन लागलं की त्याची थोडी ऊर्जा चकतीत अडकून बसते आणि लॅबमध्ये चकती तापवली की ती उजेड होऊन बाहेर पडते, जेवढा उजेड जास्त तेवढा डोस जास्त. एका चकतीवर तांब्या-ॲल्युमिनियमचं फिल्टर, दुसरीवर प्लास्टिकचं, तिसरी उघडी. तीन कशाला हव्यात असं मलाही सुरुवातीला वाटायचं, पण हा पदार्थ एक्स-रेसारख्या कमी ऊर्जेच्या किरणांना कोबाल्ट या किरणोत्सर्गी धातूच्या जास्त ऊर्जेच्या गॅमा किरणांपेक्षा दहापटीच्याही वर प्रतिसाद देऊ शकतो, म्हणजे एकाच चकतीवर विसंबलं तर डोस भलताच यायचा, म्हणून तिन्हींचे आकडे एकमेकांशी ताडून किरण कुठल्या ऊर्जेचे होते ते आधी काढतात आणि मग खरा डोस लिहितात. हे सगळं भाभा अणुसंशोधन केंद्रातल्या लोकांनी इथेच, आपल्या देशात, वर्षानुवर्षं तपासून तपासून उभं केलंय आणि मला त्याचा फार अभिमान आहे. आणि एक, चकती एकदा तापवून वाचली की तिच्यातली नोंद जवळजवळ पुसलीच जाते, पुन्हा वाचू म्हटलं तर वाचायला काही उरत नाही, त्यामुळे वाचणारं यंत्र त्या दिवशी नीट असायलाच हवं.

आता आमच्या बाजूचं सांगते. तीन महिन्यांचे बॅज येतात तेव्हा त्यांच्याबरोबर एक कंट्रोल बॅज असतो, तो कुणी घालायचा नाही, रेडिएशन नसलेल्या जागी ठेवायचा, कारण त्याच्यावर जे येईल ते नैसर्गिक रेडिएशन धरून सगळ्यांच्या आकड्यातून वजा करतात. मी पूर्वी एका खाजगी ठिकाणी होते, तिथे हा कंट्रोल बॅज एक्स-रे रूमच्या आतल्या कपाटात पडलेला असायचा. म्हणजे काय झालं बघा, त्याच्यावर एक्स-रेचा डोस चढणार, तोच आमच्यातून वजा होणार आणि आमचे रिपोर्ट अगदी स्वच्छ येणार. मी दोनदा तोंडी सांगितलं, मग लिहून दिलं, तेव्हा कुठे तो रिसेप्शनच्या टेबलात गेला. दुसरीकडे एक मुलगी बॅज लेड ॲप्रनला, म्हणजे किरण अडवणाऱ्या शिशाच्या ॲप्रनला, लावून ॲप्रन रूममध्येच टांगून घरी जायची, तिच्या नावावर एवढा डोस आला की चौकशी लागली, बिचारी आठवडाभर रडत होती. बॅज छातीवर, ॲप्रनच्या आतून लावायचा आणि घरी जाताना ॲप्रनबरोबर सोडायचा नाही हे तिला जॉइन होताना कुणी सांगितलंच नव्हतं. एईआरबीची, म्हणजे अणुऊर्जा नियामक मंडळाची, मर्यादा आम्हा लोकांसाठी पाच वर्षांच्या सरासरीने वर्षाला २० मिलिसिव्हर्ट (सिव्हर्ट म्हणजे डोस मोजायचं माप), कुठल्याही एका वर्षात ३० च्या वर नाही, आणि बाहेरच्या सामान्य माणसासाठी वर्षाला १. हे आकडे कागदावर चोख आहेत, पण मोजणंच चुकलं तर त्या आकड्यांचा आम्हाला उपयोग काय?

बॅज निदान मान्यताप्राप्त लॅबमध्ये तरी जातो, सर्व्हे मीटरचं मात्र मला खरंच काळजीचं वाटतं. दाराबाहेर, कंट्रोल पॅनेलपाशी, भिंतीपलीकडे किती रेडिएशन येतंय ते मोजायचा हा हातातला मीटर. आमच्याकडे एकदा जुलैमध्ये मी तो काढला, सगळीकडे शून्य, काटा जागचा हलेना, आणि सगळे म्हणाले छान, लीकेज नाहीये. मला पटेना म्हणून मागचं झाकण उघडलं तर बॅटरीच्या स्प्रिंगवर हिरवी पूड धरलेली, सेल फुगलेले, आतल्या सर्किटला करंटच जात नव्हता. खारी हवा, त्यात पावसाळ्यात आर्द्रता ९० टक्क्यांच्या आसपास, असल्या हवेत मीटरमधल्या गायगर ट्यूबला, म्हणजे रेडिएशनचा एकेक कण टिपणाऱ्या नळीला, लागणारं शेकडो व्होल्टचं सर्किट दमट होतं, करंट गळतो आणि आकडा वर-खाली होतो. मीटर कॅलिब्रेशनला, म्हणजे त्याचा आकडा प्रमाणित आकड्याशी ताडून घ्यायला, राज्याबाहेर पाठवला तो चवथ (गणेश चतुर्थी) होऊन गेल्यावर परत आला, आणि तोवर आम्ही मीटरशिवायच काम केलं.

आणि नुसता चालू असून भागत नाही. छातीचा एक्स-रे सेकंदाच्या लहानशा भागात संपतो, संथ मीटरचा काटा तेवढ्यात पुरता वर चढतच नाही, तो कमी दाखवतो. रेडिएशन फारच जास्त असेल तर काही गायगर मीटर गुदमरतात, एक कण मोजून सावरायच्या आत दुसरा येतो आणि आकडा वाढायचा तो खाली येतो, धोका सगळ्यात जास्त असताना मीटर सगळं ठीक आहे म्हणतो! म्हणून टेस्टिंगमध्ये नुसतं चालतो का ते बघत नाहीत, कमी-जास्त ऊर्जेचे किरण, तिरपे येणारे किरण, उष्णता, दमटपणा, खूप जास्त डोस, असं सगळं देऊन बघतात.

आमच्या शेजारचा मुलगा इंजिनिअरिंगला आहे, त्याने आर्डुइनो नावाच्या छोट्या इलेक्ट्रॉनिक बोर्डावर गायगर काउंटर बनवला, ट्यूब ऑनलाइन मागवली, सुंदर काम केलं. मी विचारलं मायक्रोसिव्हर्ट कसे काढलेस, तर म्हणाला मिनिटाचे क्लिक मोजून नेटवर मिळालेल्या आकड्याने गुणले. तो गुणक सहसा सीझियम या किरणोत्सर्गी धातूच्या गॅमा किरणांसाठी काढलेला असतो, आमच्या एक्स-रेला तो लावला तर उत्तर काहीच्या काही येतं, क्लिक किती झाले आणि शरीराच्या किलोमागे किती ऊर्जा मुरली या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पोराचं काही चुकलं नाही, त्याला ते तपासून बघायला गोव्यात जायचं कुठे हेच माहीत नव्हतं, आणि मलाही सांगता आलं नाही.

माझं म्हणणं एवढंच की मीटर तपासायची सोय गोव्यातच व्हावी. विद्यापीठाचा फिजिक्स विभाग ताळगावच्या पठारावर आहे, फर्मागुडीला आयआयटी आणि गोवा इंजिनिअरिंग कॉलेज आहे, झुआरीनगरला बिट्स आहे, बांबोळीला जीएमसी, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेज, आहे. त्यासाठी लागतो तो शिशाच्या जाड कवचात ठेवलेला, ताकद प्रमाणित केलेला, किरण देणारा सीझियम-१३७ चा सोर्स, समोर सरळ रुळावर सरकणारी गाडी, तिच्यावर मीटर. एक मीटरवर जो आकडा येतो तो दोन मीटरवर चौथाई यायला हवा, नाही आला तर मीटरची भानगड आहे हे तिथल्या तिथे कळतं. सीझियमचं अर्धायुष्य, म्हणजे ताकद निम्मी व्हायला लागणारा काळ, ३० वर्षांचं, दरवर्षी दोनेक टक्क्यांची दुरुस्ती धरली की तोच सोर्स वर्षानुवर्षं पुरतो. एईआरबीची परवानगी लागेल, खोलीला जाड भिंती लागतील, शिकलेला माणूस लागेल, पण एका सीटी मशीनच्या मानाने हा खर्च काहीच नाही. आणि नुसती तपासणीच कशाला, आपली मुलं जे मीटर बनवतात ते आपल्याच पावसात, आपल्याच खाऱ्या हवेत टिकतात का ते इथे बघता येईल, कोकण-केरळच्या किनाऱ्यावरच्या सगळ्या हॉस्पिटलांना तेच हवंय.

हे फक्त आम्हा एक्स-रेवाल्यांचं नाही. जहाजांच्या कामात वेल्डिंगचे जोड बघायला इरिडियम-१९२ हा किरणोत्सर्गी सोर्स वापरतात, तिथल्या पोरांचा जीव मीटरवर असतो. २०१० साली दिल्लीत मायापुरीच्या भंगारात कोबाल्ट-६० चा सोर्स गेला आणि एकाचा जीव गेला, भंगारवाल्यांना हातात काय आहे हेच माहीत नव्हतं. आमच्या अग्निशामक दलाला चांगले तपासलेले मीटर मिळाले तर मला फार बरं वाटेल.

मासळी बाजारातल्या तराजूवर वजनमाप खात्याचा शिक्का असतो, तारीख असते, गिऱ्हाईक बघू शकतं. तसं प्रत्येक एक्स-रे आणि सीटी रूमच्या दारावर मीटरच्या शेवटच्या कॅलिब्रेशनची तारीख लावायला सरकारने सांगावं. आणि तुमच्या वार्ताहरांना विनंती, पुढच्या मशीनच्या उद्घाटनाला जाल तेव्हा किंमत विचाराच, पण सर्व्हे मीटर कधी तपासला आणि कंट्रोल बॅज कुठे ठेवलाय हेही विचारा आणि जे उत्तर मिळेल ते छापा.

आपली,
एक एक्स-रे टेक्निशियन, फोंडा