चवथीच्या पत्त्यांचे टेबल

महोदय,

चवथीच्या रात्री आरत्या आटोपल्या की आमच्या घरी पोकरचा डाव बसतो. पैसे नव्हे, चिंचोके लावून. (मांडवी नदीतल्या कॅसिनोंशी नाते जोडू नये!) त्यासाठी घेतलेल्या स्वस्त घडीच्या टेबलाचे फेल्ट, म्हणजे वरचे लोकरीसारखे कापड, दोन पावसाळ्यांत संपले. आधी गोळे आले, मग बुरशी, शेवटी भाच्याने त्यावर सोलकढी सांडली.

घरचे म्हणाले, भंगारात द्या. पण प्लाय ठणठणीत होता. जुने कापड सोलले, गोंद पॉलिशपेपरने घासला आणि वर 5 मिलिमीटरचा ईव्हीए फोम (चपलांच्या तळव्याला असतो तसा घट्टसर) चिकटवला. नुसत्या प्लायवर पत्ता नखाने खरवडून उचलावा लागतो; गादीचा मऊ फोम घातला तर चिंचोक्यांचे ढीग कलंडतात. कापड मात्र फेल्ट नको. पाणी न शोषणारे पॉलिस्टरचे 'स्पीड क्लॉथ' घेतले. पत्ता त्यावरून सर्रकन जातो, सांडलेले पुसता येते.

खरी फजिती ताणण्यात झाली. मी कोपऱ्यापासून पिना मारत सुटलो आणि मधोमध सुरकुती! बाजारात स्कूटरच्या सीट शिवणारा कारागीर हसला. चारही बाजूंचे मध्य आधी, मग कोपऱ्यांकडे, असे त्याने दाखवले. सगळ्या पिना उपटून पुन्हा बसलो.

नव्या फर्निचरच्या जाहिराती आपल्या पुरवणीत भरपूर असतात. अशा कारागिरांनाही कधी अर्धा रकाना द्यावा, एवढीच विनंती.

– एक निवृत्त वाचक, फोंडा