दोन पेशंटांमधला तास कोणाचा?

महोदय,

मी गेली अकरा वर्षे घरोघरी जाऊन पेशंट सांभाळते. आधी एकाच घरी बारा तासांची ड्युटी असायची. दोन वर्षांपूर्वी आम्हाला पेशंटांकडे पाठवणाऱ्या ब्युरोने तासावर पैसे द्यायला सुरुवात केली. सकाळी सात ते नऊ मुलुंडला, अर्धांगवायू झालेले आजोबा. दहा ते बारा विक्रोळीला, मधुमेहाच्या आजी. एक ते तीन चेंबूरला. घरच्यांच्या मोबाइलवर ओटीपी येतो, तो दारात टाकला की माझा वेळ सुरू आणि निघताना टाकला की बंद.

सात ते तीन म्हणजे आठ तास. माझे भरतात सहा.

उरलेले दोन तास मी लोकलमध्ये, पुलांवर आणि रस्त्यावर असते. विक्रोळीहून चेंबूरला सरळ गाडी नाही. कुर्ल्याला उतरायचं, पूल चढून हार्बर लाइनच्या फलाटावर यायचं, मिळेल ती गाडी पकडायची. डबा तिथेच उभ्याने खाते. हा वेळ माझा म्हणावा, तर त्यात मला दुसरं काहीच करता येत नाही. कुठून कुठे जायचं आणि किती वाजता पोचायचं, हे ब्युरो ठरवतो. पंधरा मिनिटं उशीर झाला की अर्धा तास कापतात. पावसाळ्यात एकदा रुळांवर पाणी आलं, हार्बर बंद पडली. कुर्ल्याहून चेंबूरपर्यंत मी चालत गेले, आजारी माणूस वाट बघत होतं म्हणून. ब्युरोने त्या दिवशीचे चेंबूरचे दोन्ही तास कापले.

मला तासाला 110 रुपये मिळतात. रोजचे दोन तास, महिन्याचे 26 दिवस, म्हणजे 5,720 रुपये. कळव्याला माझ्या खोलीचं भाडं साडेपाच हजार आहे.

या प्रवासाच्या वेळेचे पैसे द्यायचे तर ते पेशंटकडूनच वाढवून घ्यावे लागतील, असं ब्युरो सांगतो. पण विक्रोळीच्या सूनबाईंनी मला त्यांचं बिल दाखवलं. त्यात दर व्हिजिटमागे 60 रुपये प्रवासाचे लावलेले होते. ‘‘ताई, हे तुम्हालाच मिळतात ना?’’ त्यांनी विचारलं. मला त्यातला एक रुपयाही मिळालेला नाही. लोकलचा पास आणि बसचं तिकीट मी माझ्या पैशांनी काढते.

माझी भाची कायद्याचं शिक्षण घेते. तिच्याकडून कळलं की अमेरिकेत घरून कामावर जाण्याचा रोजचा वेळ धरत नाहीत, पण दिवसभरात एका कामावरून दुसऱ्या कामावर जाण्याचा वेळ कामाचेच तास मानतात. युरोपच्या न्यायालयाने तर 2015 मध्ये स्पेनमधल्या तंत्रज्ञांच्या खटल्यात सांगितलं की ज्यांना कामाची ठरलेली जागाच नाही, त्यांचा घरून पहिल्या ग्राहकापर्यंतचा आणि शेवटच्या ग्राहकाकडून घरापर्यंतचा प्रवासही कामाचा वेळ आहे. मी तेवढं मागत नाही. कळवा ते मुलुंड माझं मी बघेन.

आपल्याकडेही कायद्याला हा रस्ता दिसतो. आपल्याच राज्यातल्या साखर कारखान्याचा एक पहारेकरी कामावर जाताना अपघातात गेला. 2025 च्या जुलैमध्ये उच्च न्यायालयाने रद्द केलेली त्याच्या कुटुंबाची भरपाई सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा मंजूर केली. प्रवासाचा कामाशी संबंध असेल तर असा अपघात कामावरचाच धरायचा, असं न्यायालयाने म्हटलं. मग मी रस्त्यात मेले तर ती वाट कामाची, आणि जिवंत पोचले तर नाही, असं कसं?

नव्या वेतन संहितेत किमान वेतन तासावरही ठरवता येतं. राज्याच्या कामगार विभागाने नियमांत एवढंच स्पष्ट लिहावं : एकाच मालकाने एका दिवसात दोन ठिकाणी पाठवलं, तर मधल्या प्रवासाचा वेळ कामाच्या तासांत धरायचा आणि भाडं मालकाने द्यायचं. माझ्यासारख्या बायका, एसी दुरुस्त करणारी मुलं, घरी येऊन रक्ताचे नमुने नेणारे, सगळ्यांना हे लागू व्हावं. निघताना ओटीपी टाकलेली वेळ आणि पुढच्या दारात टाकलेली वेळ ब्युरोकडे रोज नोंदलेली असते. हिशेब करायला त्यांना वेगळं काही लागणार नाही.

— एक रुग्णसेविका, कळवा