शब्दाला लागलेला ‘या’

चि. अनिकेत यास,
अनेक आशीर्वाद.

रविवारी आपण फोनवर बोलत असताना मागून कोणी तुला हाक मारली आणि तू “थांब रे जाड्या” म्हणालास. मी विचारल्यावर, तो तुझ्या खोलीतलाच मुलगा आहे, सगळे वसतिगृह त्याला ‘जाड्या’ म्हणते आणि त्याला त्याचा राग येत नाही, असे तू सांगितलेस. त्यावर चार ओळी लिहाव्याशा वाटल्या.

‘जाडा’, ‘काळा’, ‘लंगडा’ ही साधी विशेषणे आहेत. परंतु त्यांचे ‘जाड्या’, ‘काळ्या’, ‘लंगड्या’ झाले, की ती वर्णन करायचे सोडून थेट माणसाच्या नावाच्या जागी जाऊन बसतात. हा ‘या’ मुळात वाईट नाही. जनाबाईने प्रत्यक्ष पांडुरंगाला ‘विठ्या’ म्हणून फैलावर घेतले आहे आणि तुझी आजी मला या वयातही चारचौघांत ‘सुऱ्या’ म्हणते. मात्र तिथे ‘या’ नावाला लागला आहे, शरीराला नव्हे. मराठीत बाळाचे नाव ठेवतात आणि माणसाला नावे ठेवतात. फरक काय तो एका मात्रेचा.

आमच्या वर्गातला एक मुलगा बोलताना अडखळत असे. हजेरीच्या वेळी ‘हजर’मधला ‘ह’ त्याच्या घशात अडकून राहायचा, म्हणून आम्ही त्याला ‘हह्या’ म्हणू लागलो. ते नाव माझ्याच डोक्यातून निघाले होते आणि मला त्याची प्रौढीही वाटत होती. तोही हसायचा. पुढे त्याने ‘हजर’ म्हणणेच सोडले. तो नुसता हात वर करी आणि गुरुजींची नजर वहीत असली, की बाकावर बसलेल्या त्या मुलाची गैरहजेरी लागे.

चिकटलेले नाव सुटता सुटत नाही. इंग्रजांनी १८७१ साली कायदा करून कित्येक जमातींना जन्मतःच ‘गुन्हेगार’ ठरवले. १९५२ साली तो शिक्का कागदावरून पुसला गेला, त्या ‘विमुक्त’ झाल्या. तरी गावात चोरी झाली, की संशय आधी पारध्यांच्या पालाकडे वळतो, हे तू वर्तमानपत्रात वाचले असशीलच.

दिवाळीला त्या मुलाला घरी आणणार आहेस ना? आईने काल त्याचे नाव विचारले आणि मला ते सांगता आले नाही. तेवढे कळव.

तुझा,
बाबा